मुतखड्यासाठी आलेलं पाणी

"एवढं पानी पिऊन बी पोरीचं तोंड कसं सुकल्यालं हाय बघा."

शांतामावशी आमच्या ओट्यावर उभी राहून पाळकीणबाईंना, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोला, सांगत होती. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांना वाटलं, मी झोपलेय. दोघींनी मिळून दुधाचा एक कॅन चर्चपासून आमच्या घरापर्यंत धरून आणला होता, आणि आता त्या धापा टाकत होत्या. कॅनमध्ये पाणी होतं.

मम्मी घाईघाईने बाहेर गेली. "पिती की. दिवसभर पीतच असती," ती म्हणाली.

मग लघवीला साफ होते का, जळजळ थांबली का, असं शांतामावशीने विचारलं. तिला हळू बोलता येत नाही. मम्मी सगळ्याला हो हो करत गेली.

"खडा पडला की मला दाव बरं का. माझ्या भावाचा पडलता, हरबऱ्याएवढा. लई दिस डबीत ठिवलता त्यानं."

पाळकीणबाई हसल्या. मम्मीही हसली. मी जिभेने ओठ चाटले, पण जीभही कोरडीच होती.

आमच्या गावात तेव्हा टँकर दिवसाआड यायचा. आला तरी वाट्याला किती पाणी येईल, याचा भरवसा नसायचा. त्या पाण्यातून एकेक तांब्या बाजूला काढून चर्चमधल्या घरांनी माझ्यासाठी हा कॅन भरला होता. मुतखडा झालेल्या माणसाने भरपूर पाणी प्यायचं असतं, हे कुणालाही माहीत असतं.

मला मुतखडा नव्हता. माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली होती, आणि डॉक्टरांनी मला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं.

*

मी फार बोलत नाही. घरातली एकुलती एक मुलगी. पाचवीपासून बीडला हॉस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीला गावी आले की पोरीसोरी मला 'मडम' म्हणायच्या. त्यात थोडा मान होता, बरीचशी टिंगल होती. आमच्या चर्चमध्ये सगळे मोठ्याने प्रार्थना करतात, बाया तर रडून, हात वर करून. मी कधी तोंड उघडलं नाही. मी मनातल्या मनात, शाळेत शिकवलेल्या इंग्रजी प्रार्थना म्हणायचे. लोकांना वाटायचं, पोरगी गर्विष्ठ आहे. मी ते खोडून काढायला कधी गेले नाही, कारण त्यासाठीही बोलावं लागलं असतं.

शिक्षण संपल्यावर मी सिरसाळ्याच्या एका लहान शाळेत शिकवायला लागले. माझा वर्ग वरच्या मजल्यावर होता. जिना चढून गेल्यावर मी फळ्याकडे तोंड करून तारीख अगदी सावकाश लिहायचे, म्हणजे तेवढ्यात श्वास जागेवर यायचा. हे मी बरेच महिने केलं. मग पाय सुजायला लागले. आडवं झालं की खोकला यायचा, उशा रचून बसलं की थांबायचा. ज्या कुणाला असं काही होत असेल त्याने फळ्याकडे तोंड करून वेळ काढू नये, एवढं मी इथेच सांगते.

बीडच्या डॉक्टरांनी छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर काहीतरी करड्या रंगाचं उघडत-मिटत होतं. ते नीट उघडत नाहीये, हे मला डॉक्टरांनी सांगायच्या आधीच कळलं, कारण त्यांनी तिथेच यंत्र पुन्हा पुन्हा धरलं.

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. मी हॉस्टेलमध्ये असताना आला होता. मेट्रनने थंडीतापाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि मी बरी झाले होते. घशाच्या साध्या दुखण्यातून कधी कधी हे हृदयावर येतं, डॉक्टर म्हणाले. मम्मी तेव्हापासून घरी पोचेपर्यंत माझ्याकडे बघत नव्हती. मला हॉस्टेलवर पाठवायचा हट्ट तिचा होता.

मी इंग्रजी बोलते म्हटल्यावर डॉक्टर माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागले आणि आईवडलांना तुम्हीच समजावून सांगा, म्हणाले. त्या दिवशी मी माझ्याच आजाराची दुभाषी झाले. झडप बदलावी लागेल. छाती उघडून करायचं ऑपरेशन आहे. नंतर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. लग्न करता येईल, पण आधी ऑपरेशन. आणि मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण त्या गोळीवर ते सोपं नसतं. हे सगळं मी सपाट आवाजात, बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं. पप्पांनी दर वाक्याला मान हलवली. मम्मीने फक्त 'लग्न' ऐकलं. तिचा चेहरा त्या शब्दाला बदलला आणि मग तसाच राहिला.

*

बीडच्या स्टँडवर गावची गाडी लागली, तेव्हा शांतामावशी आमच्या पुढच्या सीटवर येऊन बसली. तिला ओळखत नाही असा माणूस आमच्या चर्चमध्ये नाही. नवरा गेल्यावर दोन मुलांना तिने ऊसतोडीवर वाढवलं. आता मुलं आणि सुना तोडीला जातात आणि ती गावात राहून सगळ्यांच्या घरात लक्ष घालते.

"कावून आलता बीडला?" तिने मागे वळून विचारलं.

"मुतखडा निघाला हिला," मम्मी म्हणाली.

पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या मांडीवर तपासणीची फाइल होती, तिच्यावर लाल रंगात हृदयाचं चित्र होतं. मी फाइल पालथी केली.

घरी आल्यावर मम्मीने दार लावून घेतलं. माझ्यासाठी अंबाजोगाईचं एक स्थळ आलं होतं, मुलगा शिक्षक होता, आणि ते पाळकीणबाईंनीच आणलं होतं. मम्मी म्हणाली, मुतखडा पडून जातो, लोक विसरतात. हृदयाचं एकदा नाव निघालं की पोरीला ते जन्मभर चिकटतं. ऑपरेशन तर करायचंच आहे, ते कशाचं हे गावाला कशाला कळायला हवं?

मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझ्या छातीत काय चाललंय याची चर्चा ओट्याओट्यावर होण्यापेक्षा माझ्या पोटातल्या एका खोट्या दगडाची झालेली मला चालणार होती.

*

आमच्या मंडळीत मुठीचं दान असतं. घरची बाई भाकरीसाठी पीठ घेते तेव्हा मूठभर ज्वारी एका डब्यात बाजूला टाकते आणि रविवारी तो डबा चर्चमध्ये नेऊन ओतते. त्यातून पाळकांचं घर चालतं आणि ज्याच्या घरी अडचण असेल त्याला धान्य जातं. त्या वर्षी ज्वारी पेरलेली उगवलीच नाही. मूठ रिकामी झाली. दानाची पेटी चर्चच्या कोपऱ्यात तशीच पडून होती, आणि त्याची बायकांना लाज वाटत होती.

माझ्या मुतखड्याची बातमी आली तेव्हा पाळकीणबाईंनी सुचवलं की मूठ नाही तर तांब्या. प्रत्येक घराने रविवारी एक तांब्या पाणी करुणासाठी, म्हणजे माझ्यासाठी, आणायचं.

कॅन पप्पांच्याच दूध सोसायटीचा होता. पप्पा तिथे सचिव. जनावरं चारा छावणीला गेली होती, गावात दूध उरलं नव्हतं, आणि सोसायटीत धुतलेले कॅन उलटे घालून ठेवलेले होते. चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ दानेलकाका सोसायटीत गेले आणि एक कॅन द्या म्हणाले. कशाला, ते पप्पांना विचारावं लागलंच नाही. दानेलकाकांनी आनंदाने सगळं सांगितलं. पप्पांनी स्वतः फडक्याने पुसून कॅन त्यांच्या हातात दिला.

त्या रविवारी दानेलकाकांनी माझ्यासाठी उभं राहून प्रार्थना केली. ते शेतकरी माणूस, देवाशीही बांधावर उभं राहून बोलावं तसं बोलतात. "प्रभू, तुला दगड काय अन् ढेकूळ काय. फोड त्याला, अन् लेकराला मोकळं कर." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

*

तहानेबद्दल लिहिते, कारण ज्यांना पाणी मोजून दिलं जातं त्यांच्याशी याबद्दल कुणी बोलत नाही.

मला दिवसाला एक बाटली पाणी होतं, आणि चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट हे सगळं त्यातच. मीठ जवळपास बंद. बाहेर मार्च महिन्याचं ऊन. तहान घशात लागते असं आपल्याला वाटतं. ती डोक्यात असते. पुस्तक वाचताना एखाद्या वाक्यात 'नदी' आली की मी तिथेच अडकून बसायचे. पाण्याने चूळ भरून थुंकली तर थोडं निभतं. लिंबाची फोड दाताखाली धरली तर तोंडाला पाणी सुटतं. पेला लहान घ्यावा, मोठ्या पेल्यात थोडं पाणी बघवत नाही. हे मला नंतर बीडच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने शिकवलं. तिने ते इतकं सहज सांगितलं की मी रडले.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कॅन असायचा. भरलेला. दर रविवारी पुन्हा भरून येणारा. ते पाणी परत करता येत नव्हतं आणि फेकणं तर पापच. मम्मी ते स्वयंपाकाला, भांड्यांना वापरायची. पप्पा त्या पाण्याला हात लावत नसत; सोसायटीत जाऊन एका बादलीत तोंड धुऊन यायचे. अख्खं गाव हंडे घेऊन टँकरमागे पळत होतं, आणि आमच्या घरी पाण्याची चणचण नव्हती. ही गोष्ट मला आजही गिळता येत नाही.

*

मग छातीत पाणी साचलं आणि मला बीडला दाखल केलं.

वॉर्डचा दिवस पहाटे झाडूच्या आवाजाने सुरू व्हायचा. मग वजन. माझ्यासारख्या पेशंटचं वजन रोज करतात, कारण वाढलेलं वजन म्हणजे अंगात राहिलेलं पाणी. किती प्यायले आणि किती बाहेर गेलं, दोन्ही मोजायचं. त्यासाठी खाटेखाली प्लॅस्टिकचं एक भांडं असायचं, आणि आया ते उचलून सगळ्या वॉर्डासमोरून न्यायची. माझ्यासारख्या मुलीला ऑपरेशनची भीती नंतर वाटली, त्या भांड्याची आधी. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. लाजही थकते.

तिथे एके दुपारी दानेलकाका, शांतामावशी आणि पाळकसाहेब आले. एसटीने, उन्हातून. दानेलकाकांच्या हातात पाण्याची बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. फक्त त्यांच्या शेतातल्या जुन्या विहिरीच्या तळाला थोडं गोडं पाणी उरलं होतं. ते त्यांनी माझ्यासाठी, दोरीला डबा बांधून, शेंदून आणलं होतं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान आजीनेही हात पसरून ऐकली. मग दानेलकाकांनी फडकं सोडलं आणि पेला भरला.

"पी माय. आमच्या डोळ्यादेखत पी."

मम्मी खाली गोळ्या आणायला गेली होती. सिस्टर दुसऱ्या टोकाला होती. मी पेल्याकडे बघितलं. नको म्हटलं तर का नको, हे सांगावं लागणार होतं. आणि दुसरंही एक खरं आहे: मला ते हवं होतं. गार, गोडं पाणी होतं. मी प्यायले. दानेलकाकांनी पुन्हा भरला, मी पुन्हा प्यायले. शांतामावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता पडंल बघ खडा." त्यांच्या चेहऱ्यांवर जे समाधान होतं, ते बघून मी बाटली संपवली.

अंधार पडता पडता मला श्वास घेता येईना. त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच की मी खाटेच्या कडेला बसून दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरला होता, आणि मला तो दांडा सोडून जगात काही आठवत नव्हतं. इंजेक्शनं दिली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बांधला. सकाळी डॉक्टर मम्मीवर ओरडले. पाणी कुणी दिलं, हे मम्मीला माहीत नव्हतं. मी मास्कच्या आडून नकारार्थी मान हलवली. ते बोलणं तिने खाली मान घालून ऐकून घेतलं, माझ्यासाठी.

मी डॉक्टरांना तेव्हाही खरं सांगू शकले असते. सांगितलं नाही.

*

आता थांबता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि चिठ्ठी देऊन आम्हाला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं. अडलं एका गोष्टीवर. अशा ऑपरेशनला बरंच रक्त लागतं, आणि उन्हाळ्यात रक्तपेढी रिकामी होती. गट कुठलाही असो, माणसं आणा, ती देतील त्याच्या बदल्यात तुमच्या गटाचं आम्ही काढून ठेवू, असं त्यांनी सांगितलं. आठदहा माणसं तरी लागतील. येत्या आठवड्यात, बुधवारपर्यंत आणली तर तारीख तुमची. नाहीतर ती पुढच्या पेशंटला जाईल, आणि मग किती थांबावं लागेल हे सांगता येत नाही. सर्जन हे सांगताना माझ्या ओठांकडे बघत होते. ओठ निळसर झाले होते.

मला गोळ्यांवर घरी पाठवलं. गोळ्यांनी मी थोडी हिंडूफिरू शकत होते, पण ते टिकणार नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं.

पप्पांनी तिथेच रक्त दिलं. मम्मीच्या अंगातच रक्त कमी निघालं, तिला परत पाठवलं. पुण्याचा चुलतभाऊ येतो म्हणाला. मोठे काका उसाच्या टोळीबरोबर कर्नाटकात होते, त्यांचा फोन लागत नव्हता. पप्पा मोटारसायकल घेऊन रोज बाहेर पडायचे. छावणीवर जायचे, सोसायटीच्या सभासदांमध्ये बसायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. पप्पांना मागता येत नाही. आणि मागितलं असतं तरी पुढचा माणूस हेच विचारणार होता: मुतखड्याला रक्त कशाला?

शुक्रवारी जेवताना पप्पा ताटावरून उठले आणि मम्मीसमोर जाऊन उभे राहिले.

"तिचं लग्न वाचवायलीस का तिला?"

"दोन्ही," मम्मी म्हणाली. मग तिला हुंदका आला. रविवारी अंबाजोगाईच्या त्या मुलाचे मामा चर्चमध्ये येणार होते, मुलीला लांबून बघायला. तेवढा एक रविवार जाऊ द्या. त्यांनी हो म्हटलं की सोमवारी मी स्वतः दारोदार जाऊन सांगते, ती म्हणाली. सोमवारी सांगून बुधवारपर्यंत माणसं कुठून येणार, असं पप्पांनी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटातल्या अळणी वरणाकडे बघत बसले.

*

ऑपरेशनबद्दल मी इथेच थोडं लिहून टाकते, नंतर लिहिणार नाही. ते झालं. मी जिवंत आहे. शुद्ध आल्यावर घशात नळी असते आणि बोलता येत नाही. तेव्हा घाबरू नका, ती निघते. छातीवर गळ्यापासून खाली एक सरळ रेघ आहे. खोली शांत असली की नव्या झडपेची टिकटिक मला ऐकू येते. पहिले काही दिवस भीती वाटायची, आता त्याच आवाजावर झोप लागते. अंबाजोगाईच्या लोकांनी पुन्हा निरोप पाठवला नाही. मम्मीला त्याचं वाईट वाटलं, आणि ते तिने माझ्यापासून लपवलं नाही, हे मला आवडलं.

श्रद्धेबद्दल मला विचारतात. देवाने मला बरं केलं का, असं. मला मोठं उत्तर देता येत नाही. मला माणसं आठवतात. तळाला गेलेल्या विहिरीत डबा सोडणारा एक म्हातारा आठवतो.

*

तो रविवार. त्या साली ऊसच नसल्यामुळे कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला होता, आणि तोडीला गेलेली घरं त्याच आठवड्यात परतली होती. चर्च भरलं होतं. पत्र्याखाली जीव गुदमरत होता. पुरुषांच्या बाजूला शांतामावशीची दोन्ही मुलं बसली होती, उन्हाने काळी पडलेली, उसाच्या पानांनी हात चिरलेले. सगळ्यात पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाहुणे: मुलाचे मामा, पांढरा शर्ट, खिशाला पेन.

मम्मीने मला मोतिया रंगाची साडी नेसवली होती आणि ओठांना लाली लावली होती, निळेपणा झाकायला. ती मला खेटून बसली होती. दाराशी कॅन होता. आत येणारी प्रत्येक बाई पदराखालून तांब्या काढून त्यात ओतत होती. गाणं चालू असतानाही तो आवाज येत होता.

गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. मग पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाची काही विनंती आहे का. कुणी पावसासाठी सांगितलं, कुणी छावणीत आजारी पडलेल्या बैलासाठी. मग शांतामावशी उभी राहिली.

"करुणाचा खडा अजून पडंना. मला वाटतं, पानी कमी पडायलंय. आता आपली मानसं बी घरी आल्यात. तवा एका तांब्याचे दोन करावं म्हन्ते मी."

माझ्या मागे एका बाईने श्वास आत ओढला. मी वळून बघितलं. ती तोडीवरून परवाच आली होती. मांडीवर मूल होतं, त्याच्या केसांत धुळीच्या गाठी झाल्या होत्या, आणि ते तिचं बोट चोखत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान डोलावली. हो, आणू.

"आणू की," पुरुषांच्या बाजूने दानेलकाका म्हणाले. मग सगळीकडून हूं हूं असा होकार आला.

मम्मीने माझं मनगट धरलं. मी काही करायच्या आधीच धरलं. तिला कळलं असावं. तिचा हात गरम होता, आणि ती पुढे खुर्चीकडे बघत होती. मी दुसऱ्या हाताने तिची बोटं एकेक करून सोडवली. मला वाटलं होतं, ती जोर करेल. तिने केला नाही.

मी उभी राहिले. उभं राहिल्यानेच धाप लागली, म्हणून मी पुढच्या बाकाला धरलं.

चर्चमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. आमच्याकडे कुणी असं उभं राहिलं की तो प्रार्थना करणार, असंच धरतात. मडम पहिल्यांदा तोंड उघडणार होती. पाळकसाहेबांनी आनंदाने मान खाली घातली आणि डोळे मिटले. दानेलकाकांनी मिटले. शांतामावशीने पदर डोक्यावर घेतला. पाहुण्यांनीही खिशातला पेन सांभाळत मान झुकवली. माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही, एक मम्मी सोडून. ती डोळे उघडे ठेवून बसली होती.

तेवढी शांतता मला पुरेशी होती. कुणी बघत असतं तर माझ्याच्याने झालं नसतं.

"मला मुतखडा नाही," मी म्हणाले.

"आमेन," शांतामावशी डोळे न उघडता म्हणाली. तिच्यामागून अजून दोनचार आमेन आले. त्यांना वाटलं, मी विश्वासाने बोलतेय, देवाने खडा काढून टाकला असं मानून. मी तिथेच बसू शकत होते. साऱ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या असत्या, मामांनी हो म्हटलं असतं.

छातीत धडधडत होतं. वाक्याच्या मधे मधे थांबावं लागत होतं, पण आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"नाही, मी प्रार्थना करत नाहीये. डोळे उघडा. मला मुतखडा नाही, कधीच नव्हता. माझ्या हृदयाची झडप खराब आहे. तुम्ही आणता ते पाणी मला चालत नाही, ते घरी न्या, लेकरांना द्या. माझं ऑपरेशन आहे. त्याला रक्त लागतं, आणि बुधवारच्या आत माणसं नेली नाहीत तर ते होणार नाही. माझ्याबरोबर संभाजीनगरला कोण येईल?"